वयाचा वाद, माणसांची वानवा

मुंबईत डोंगरीजवळ उमरखाडीत एक जुना तुरुंग होता. कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर १८८२ साली टिळक आणि आगरकर तिथेच होते आणि त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. पुढे ही वास्तू मुलांच्या निरीक्षणगृहाकडे आली. सरकारी कागदावर ते निरीक्षणगृह असले तरी वस्तीतल्या आया आजही त्याला ‘रिमांड होम’ म्हणतात आणि मुले नुसते ‘डोंगरी’ म्हणतात. मुलांना मोठ्यांच्या तुरुंगापासून वेगळे ठेवायचे, या विचाराला आपल्याकडे जागा मिळाली ती अशी, तुरुंगाच्याच भिंतींमध्ये.

विचार मात्र जुना आहे आणि त्यात मुंबई इलाखा मागे नव्हता. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेली औद्योगिक सुधारशाळा आज माहीमला आहे. १९२४ साली मुंबईचा मुलांचा कायदा आला. मद्रास आणि बंगाल यांच्यानंतर असा कायदा करणारा हा तिसरा प्रांत. तो राबवण्यासाठी १९२७ साली ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापन झाली. तरीही देशभर मुले तुरुंगात सापडत राहिली. पत्रकार शीला बर्से यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १९८६ साली न्यायालयाने संपूर्ण देशासाठी एकच कायदा करा असे सुचवले. त्याच वर्षी बाल न्याय अधिनियम झाला. त्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंत ‘बाल’ होता आणि मुलगी अठरापर्यंत. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा वर्षे लावली. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी पुन्हा एक दार उघडले: गुन्हा ‘घृणास्पद’ असेल, म्हणजे त्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तर मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे प्राथमिक मूल्यांकन करून ठरवता येते. २०२१ साली आणखी एक दुरुस्ती झाली. दत्तक विधानाचे आदेश न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले आणि जिल्ह्यातल्या बालसंरक्षण यंत्रणेवर देखरेख ठेवण्याचे कामही त्यांच्याकडे आले.

गेली बारा-तेरा वर्षे या विषयावर आपल्याकडे जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी वयाभोवती फिरली. त्याचे कारण सांगायला नको. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात एक आरोपी सतरा वर्षांचा होता आणि त्याला तीन वर्षांत सुटका मिळाली, हे लोकांच्या मनात आजही सलते. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणातही अल्पवयीन आरोपी होते. संताप खराच होता, त्याला कोणी खोटे म्हणू नये. पण दिल्लीच्या प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वय खाली आणण्यास नकार दिला होता, संसदेच्या स्थायी समितीनेही प्रौढांसारख्या खटल्याच्या तरतुदीला विरोध केला होता, आणि तरीही तो मुलगा सुटला त्याच आठवड्यात राज्यसभेने विधेयक मंजूर केले. त्यानंतर दर मोठ्या प्रकरणात तोच वाद नव्याने रंगतो: सोळा की अठरा, फाशी की समुपदेशन. हा वाद चुकीच्या जागी चालला आहे, असे माझे मत आहे. वय सोळा धरा नाहीतर अठरा, त्या मुलाला पहिल्या दिवशी भेटणारा पोलीस, त्याच्या घरी जाऊन अहवाल लिहिणारा परिविक्षा अधिकारी, त्याच्यासमोर बसणारे बाल न्याय मंडळ आणि रात्री त्याच्या खोलीबाहेर जागणारा काळजीवाहक, ही माणसे कशी आहेत आणि आहेत तरी का, यावर सगळे ठरते.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात अल्पवयीन आरोपींविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर होता, चार हजारांहून अधिक गुन्ह्यांसह. ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक सोळा ते अठरा वयाची. देशातल्या एकूण गुन्ह्यांच्या तुलनेत हा वाटा अगदी छोटा आहे आणि त्यात चोरी, मारामारी, वाहनचोरी यांचा भरणा मोठा आहे. एवढ्या मुलांसाठी नीट यंत्रणा उभी करणे या देशाला झेपणारच नाही, असे म्हणता येत नाही.

मग ती किती उभी आहे? ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ने २०२५ च्या शेवटी माहिती अधिकारातून मिळवलेल्या उत्तरांवर एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार, ३६२ बाल न्याय मंडळांपुढच्या प्रकरणांपैकी ५५ टक्के प्रकरणे ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रलंबित होती. साधारण दर चार मंडळांमागे एक अपुरे होते, म्हणजे न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असे तिघांचे पीठ पूर्ण भरलेले नव्हते. मंडळाने महिन्यातून एकदा तरी निवासी संस्थेला भेट द्यायची असते. ज्या संस्थांची माहिती मिळाली तिथे १,९९२ भेटी व्हायला हव्या होत्या, झाल्या ८१०. कायद्याने चौकशीला चार महिने दिले आहेत, फार तर दोन महिने वाढवून. किरकोळ गुन्ह्याची चौकशी त्या मुदतीतही संपली नाही तर प्रकरणच बंद होते. विलंबामुळे मुलाचे वय निघून जाते याचे भान कायदा करणाऱ्यांना होते. राबवणाऱ्यांना ते उरले नाही.

पुण्याच्या कल्याणीनगरमधला अपघात आठवा. १९ मे २०२४, रविवारची पहाट. सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी मंडळाच्या एकट्या सदस्यासमोर मुलगा उभा राहिला आणि जामीन मिळाला. अटींमध्ये वाहतूक पोलिसांबरोबर काम, व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन आणि रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. त्या निबंधावरून देशभर संताप व्यक्त झाला आणि थट्टाही झाली. लोकक्षोभ उसळल्यावर तीन दिवसांत मुलाला निरीक्षणगृहात पाठवले गेले. मग २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने, जामीन दिलेल्या मुलाला असे डांबून ठेवणे बेकायदा आहे, असे सांगून त्याला सोडायला लावले. मंडळाच्या दोन अशासकीय सदस्यांना राज्य सरकारने नंतर पदावरून दूर केले.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर मंडळाची बैठक नसताना मुलाला एका सदस्यासमोर हजर करता येते. जामीन हाही मुलांच्या कायद्यात नियम आहे. मुलाला गुन्हेगारांची संगत लागेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच हाणून पाडला जाईल, अशी कारणे असली तरच तो नाकारायचा. पण सामुदायिक सेवा आणि समुपदेशन हे उपाय चौकशी संपल्यावर द्यायच्या आदेशांत येतात. घरची माहिती हाती नाही, परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल नाही, मुलाच्या रक्तात दारू होती की नाही याचा पत्ता नाही, अशा वेळी घाईने दिलेला तो निबंध कशाच्या आधारावर होता? आणि तीन दिवसांनी दिलेला उलटा आदेश कशाच्या आधारावर? दोन्ही आदेश बाहेरच्या दबावाखाली झाले असे मला वाटते, एक श्रीमंताच्या आणि दुसरा गर्दीच्या. मंडळाच्या सदस्यांना नेमणुकीपासून साठ दिवसांत प्रशिक्षण द्यावे, असे कायद्याचे कलम चार सांगते. अशा रविवारी काय करायचे, हे शिकवण्यासाठीच ती तरतूद आहे. आणखी एक गोष्ट त्या गदारोळात बोलली गेली नाही. ज्याच्या घरी वकील नाही, जामिनाला उभा राहणारा कोणी नाही, असा मोबाइल चोरल्याचा आरोप असलेला मुलगा आठवडेच्या आठवडे निरीक्षणगृहात असतो. त्याच्यासाठी कोणी रविवारी दार उघडत नाही.

या सगळ्या व्यवस्थेत माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद म्हणजे सामाजिक अन्वेषण अहवाल. मुलगा मंडळासमोर पहिल्यांदा आल्यापासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने तो द्यायचा असतो. नमुन्याचे रकाने वाचले तर कळते की ते बनवणाऱ्याने विचार केला होता. कुटुंबात कोण आहे, कोण कमावते, मुलाची शाळा कधी आणि का सुटली, तो कामाला जातो का, मालक कसा आहे, मित्र कोण, व्यसन कोणते, घरात मारहाण होते का, मुलावर आधी अत्याचार झाला आहे का, शेजारीपाजारी काय म्हणतात. हे रकाने प्रामाणिकपणे भरले तर मंडळाच्या हाती आरोपपत्राबरोबर मुलगाही येतो.

प्रत्यक्षात काय भरले जाते? वडिलांना दारूचे व्यसन आहे. आई मोलमजुरी करते. मुलगा वाईट संगतीला लागला. समुपदेशनाची गरज आहे. चार वाक्ये, नाव बदलून पुढच्या मुलालाही चालतील. ही वाक्ये खोटी नसतात, पण त्यांतून मंडळाला काहीच करता येत नाही. तोच अधिकारी एक दिवस वस्तीत गेला तर वेगळे काहीतरी हाती लागू शकते. महापालिकेची शाळा सातवी-आठवीला संपते, पुढची शाळा दोन बस बदलून आहे आणि तिथून नाव आपोआप गळते. गॅरेजवाला रात्री दुकानातच झोपायला लावतो. थोरला भाऊ आत आहे आणि त्याच्या माणसांचे मुलावर देणे आहे. आता मंडळाला आदेश देता येतो: शाळेत प्रवेश, मालकावर कारवाई, मुलाला काही महिने आजीकडे गावी ठेवणे, त्या माणसांवर गुन्हा. ‘समुपदेशन करावे’ या शेऱ्यात यातले काहीच नाही.

आणि अधिकारी वस्तीत का जात नाही? त्याला वाईट म्हणून मोकळे होऊ नये. परिविक्षा अधिकाऱ्यांची पदे रिकामी असतात, एकाकडे दोन-तीन मंडळांचा भार असतो. जिल्हा बालसंरक्षण कक्षातली मंडळी तर बहुतेक कंत्राटी, दर वर्षी नूतनीकरणाच्या पत्राची वाट पाहणारी. प्रवासभत्ता मिळायला महिने लागतात. शेजारच्या तालुक्यातल्या वाडीवर जाऊन यायला दिवस जातो. मग फोनवर आईला चार प्रश्न विचारायचे आणि अहवाल पूर्ण करायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली संपूर्णा बेहुरा प्रकरणात रिकाम्या पदांवरच बोट ठेवले होते. राज्यांनी पदे भरावीत, उच्च न्यायालयांनी स्वतःहून लक्ष घालावे, संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण व्हावे, असे स्पष्ट निर्देश त्यात आहेत. तो निकाल आला त्याला आता कितीतरी वर्षे झाली.

प्रशिक्षणाचा प्रश्न पोलीस ठाण्यात सर्वांत कठीण होतो. प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा बालकल्याण पोलीस अधिकारी हवा आणि जिल्ह्यात उपअधीक्षकाच्या हाताखाली विशेष बाल पोलीस पथक हवे, असे कायदा सांगतो. मुलाला कोठडीत ठेवायचे नाही, बेडी घालायची नाही, साध्या वेशात बोलायचे, पालकांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला कळवायचे, चोवीस तासांत मंडळापुढे न्यायचे. गुन्हा घृणास्पद नसेल आणि मोठ्यांबरोबर केलेला नसेल तर प्रथम खबरी अहवालही नोंदवायचा नाही, स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, एवढेच. हे ठाण्यातल्या किती जणांना ठाऊक असते? ज्याच्यावर बालकल्याणाची जबाबदारी आहे तोच गणपती-मोहरमच्या बंदोबस्तातही असतो, व्हीआयपी ड्युटीवरही आणि दोन वर्षांनी त्याची बदलीही होते. प्रशिक्षण होते ते एका दिवसाचे: दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे भाषण, स्लाइड, दुपारचे जेवण, प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी ठाण्यात मुलगा येतो तेव्हा त्या स्लाइडमधले काही आठवत नाही, कारण प्रत्यक्ष मुलाशी कसे बोलायचे ते कोणी करून दाखवलेलेच नसते.

याची सर्वांत जास्त किंमत मोजावी लागते वयाच्या नोंदीत. मुलगा शाळेत टिकलेला नसतो, दाखला घरी नसतो, मुलगा स्वतः घाबरून काहीतरी सांगतो आणि कागदावर पडते ‘वय अंदाजे १९ वर्षे’. तेवढ्याने तो मोठ्यांच्या तुरुंगात जातो. कायद्यातली क्रमवारी स्पष्ट आहे: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, मग पालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. तरीही ‘आयप्रोबोनो’ संस्थेच्या पाहणीत २०१६ ते २०२१ या काळात किमान ९,६८१ मुले चुकीने तुरुंगात ठेवली गेल्याचे दिसले. ही मुले पुढे सापडली आणि बाहेर काढली गेली, म्हणून ती मोजता आली.

चांगले प्रशिक्षण कसे असते याची उदाहरणे आपल्या दाराशी आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या बाल न्याय संसाधन कक्षाने मंडळांच्या आवारात मदत कक्ष चालवले. मुलगा आणि त्याची आई गोंधळून उभी असताना आज काय होणार, वकील कोण, पुढची तारीख का पडली, हे समजेल अशा भाषेत सांगणारे कोणीतरी तिथे असते. हा उपाय फार महागडा नाही, पण घरकामाची चार घरे बुडवून आलेल्या बाईसाठी तो मोठा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा ‘संवाद’ उपक्रम मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण प्रत्यक्ष प्रकरणे समोर ठेवून देतो. उत्तनची न्यायिक अकादमी, नाशिकची पोलीस अकादमी, पुण्याची यशदा, एवढ्या संस्था ज्या राज्यात आहेत तिथे सभागृहांची टंचाई नाही. प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांनी कोणीतरी जाऊन अहवाल वाचतो का, चुकला तर शेजारी बसून सांगतो का, हे मात्र विचारायला हवे.

प्राथमिक मूल्यांकनाचे काम तर प्रशिक्षणाशिवाय करूच नये असे आहे. सोळा वर्षांच्या मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्हा घडला ती परिस्थिती, हे तीन महिन्यांत तोलून त्याला मोठ्यांच्या रांगेत ढकलायचे की नाही ते ठरवायचे. गुरुग्रामच्या एका शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले की हे अतिशय नाजूक काम आहे आणि मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. मुंबई-पुण्यात तज्ज्ञ मिळेल. नंदुरबारला, गडचिरोलीला? तिथे जिल्हा रुग्णालयातून बुद्ध्यांकाचा आकडा लिहून आला की काम भागले असे समजायचे का?

आता साधनांविषयी. महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत निरीक्षणगृहे चालवतात त्या जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना. स्थानिक वकील, डॉक्टर, व्यापारी, निवृत्त शिक्षक यांच्या सहभागातून चालणारी ही जुनी आणि खरोखर अभिमान वाटावी अशी रचना आहे. ती आता थकली आहे. अनुदान उशिरा येते, मंजूर दर बाजारभावाला पुरत नाहीत, काळजीवाहकाला मिळणाऱ्या पैशांत एखाद्या सोसायटीचा सुरक्षारक्षक मिळणार नाही. संध्याकाळी कार्यालय बंद झाल्यावर पंचवीस-तीस मुलांबरोबर जो एकटा उरतो, त्याला मुलाला फिट आली तर काय करायचे, हाणामारी झाली तर काय, कोणी हात कापून घेतला तर काय, हे कधीच शिकवलेले नसते. मग त्याच्याकडे दोनच उपाय राहतात, कुलूप आणि काठी. गोव्यातल्या मेरशीच्या ‘अपना घर’मधून मुले पळाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि भिंत उंच करण्याची चर्चा होते. गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा करून बाल न्यायालय उभे केले, पण तिथेही प्रश्न संध्याकाळच्या माणसांपाशीच येऊन थांबतो.

दिवसही मोकळाच असतो. निरीक्षणगृहातला मुलगा चौकशी सुरू असलेला, म्हणजे आज आहे उद्या सुटेल असा. त्यामुळे त्याला शाळेत घालायचे तर कसे, कामाचे शिक्षण द्यायचे तर किती, असे म्हणून काहीच दिले जात नाही. सकाळची प्रार्थना, हजेरी, नाश्ता, टीव्ही, कॅरम, जेवण, पुन्हा टीव्ही. शिवणयंत्रे असतात, बरीचशी झाकलेली. पंधरा दिवसांत संपेल असे मोबाइल दुरुस्तीचे किंवा दुचाकीच्या कामाचे प्रशिक्षण, गणित-वाचनाची पातळी तपासून दिलेली शिकवणी, सुटताना हातात दिलेला शाळेतला प्रवेश, हे सगळे करता येते. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याने १९८३ साली बूनव्हिलची मोठी सुधारशाळा बंद करून मुलांना लहान गटांत, घराजवळच्या केंद्रांत ठेवायला सुरुवात केली, तेही श्रीमंतीपेक्षा निर्णयाच्या जोरावर. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने मुलगा, त्याचे नातेवाईक, पोलीस आणि ज्याचे नुकसान झाले तो, यांना एका टेबलाभोवती बसवले. आपल्या गावकीत, भावकीत, वस्तीत माणसे अशी बसत आली आहेत. तिथली दडपशाही बाजूला ठेवून त्या सवयीचा उपयोग करून पाहायला हरकत नसावी.

मुलांचे म्हणणे ऐकायचे, ही गोष्ट कायद्यात सुंदर शब्दांत आहे आणि व्यवहारात सर्वांत मागे. सहभागाचे तत्त्व कलम तीनमध्ये आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत प्रत्येक संस्थेत वयोगटानुसार मुलांच्या बाल समित्या असाव्यात, त्यांनी जेवण, दिनक्रम, तक्रारी यांवर बोलावे, असे म्हटले आहे. बहुतेक ठिकाणी ही समिती पाहुणे येणार असतील तेव्हा जागी होते. तक्रारपेटी असते, तिची किल्ली अधीक्षकाच्याच कपाटात. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हाती किल्ली असेल तर पेटीत चिठ्ठी कोण टाकेल? पेटी महिन्याच्या भेटीला येणाऱ्या मंडळाने उघडावी आणि पुढच्या भेटीत मुलांना उत्तर द्यावे, एवढे केले तरी संस्थेचा सूर बदलतो.

ऐकण्याने धोरण बदलते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेली एक तरुणी राज्यसेवेच्या परीक्षेत कोणत्याच राखीव गटात बसत नव्हती. तिने ती अडचण थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत नेली आणि २०१८ साली राज्याने अनाथांसाठी एक टक्का आरक्षण दिले. ही मुलगी काळजी आणि संरक्षणाच्या वर्गातली, विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली नव्हे, हा फरक मान्य. पण निरीक्षणगृहातून बाहेर पडून रिक्षा चालवणारा, दुकान टाकणारा, बारावी झालेला तरुण कोणत्याच समितीत बसलेला दिसत नाही. नियम बदलताना त्याला कोणी विचारत नाही. नव्याने आलेल्या मुलाशी पहिल्या रात्री बोलायला त्याच्याइतका योग्य माणूस नाही. नागपूरला हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून वस्तीतल्या मुलांना फुटबॉलच्या मैदानावर आणले. ‘झुंड’ चित्रपटामुळे ते काम सर्वांना कळले. ते बाल न्याय यंत्रणेचा भाग नव्हते, सरकारी योजनाही नव्हते. पण मुलाला रोज संध्याकाळी कोणीतरी नावाने हाक मारते, वेळेवर ये म्हणते, संघात जागा देते, हे त्या मैदानावर घडले. पुण्यात कोयता हातात घेऊन गाड्या फोडणाऱ्या पोरांना रिकाम्या संध्याकाळी बोलावणारे दुसरेच कोणी होते. त्या दुसऱ्यांसाठीही कायदा आहे. मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि नव्या भारतीय न्याय संहितेत मुलाकडून गुन्हा करवून घेण्यासाठी वेगळे कलम ९५ आहे. पोरांची धिंड निघाल्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात, या कलमांखाली पकडलेल्या मोठ्या माणसांची बातमी मात्र क्वचितच वाचायला मिळते. शिवाय अशा व्हिडिओत मुलाचा चेहरा दाखवणे हाही कलम ७४ खाली गुन्हा आहे, हे पुढे पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

सुटल्यानंतरचे काय, हा भाग थोडक्यातच सांगता येतो, कारण तिथे थोडेच आहे. कायदा म्हणतो की बालपणी झालेल्या दोषसिद्धीमुळे पुढे कोणतीही अपात्रता येणार नाही आणि कागद नष्ट केले जातील. प्रौढासारखा खटला होऊन दोषी ठरलेली मुले याला अपवाद. प्रत्यक्षात नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला की ठाण्यातले जुने रजिस्टर उघडते. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी अनुरक्षण सेवा आणि आर्थिक मदत यांची तरतूद आहे, पण ती मागायची कोणाकडे हे मुलाला कोणी सांगत नाही.

वाचकांना एक विनंती. मंडळातले दोन सदस्य सरकारी नोकर नसतात. मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव असलेले किंवा बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र, कायदा यांतली पदवी घेऊन व्यवसाय करणारे नागरिक तिथे तीन वर्षांसाठी नेमले जातात. त्यांत एक तरी स्त्री असावीच लागते. या जागांची जाहिरात वर्तमानपत्रात येते, चांगल्या माणसांचे अर्ज कमी येतात आणि मग जे मिळतात त्यांच्यावर भागवले जाते. निवृत्त शिक्षिका, शाळेतले समुपदेशक, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर, वस्तीत पंधरा वर्षे काम केलेल्या कार्यकर्त्या, अशांनी ही जाहिरात पुढच्या वेळी बाजूला टाकू नये. महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी आणि अर्ज भरावा.